झोपेत पाहिलेले घाट

मला गाडी लागते. स्वारगेटहून बिबवेवाडीला रिक्षानं यायचं म्हटलं तरी तोंडात लवंग धरून बसणारी मी बाई आहे. लहानपणी नारायण पेठेत राहायचो तेव्हा हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आमचं सगळं जग चालत जाण्याच्या अंतरात होतं. शाळा, मंडई, दवाखाना, देऊळ, आणि ज्यांच्याशी बोलायचं नाही असे नातेवाईकसुद्धा. मग शाळेची सहल खंडाळ्याला निघाली आणि भर घाटात माझी शोभा झाली. त्या दिवसापासून घरात नियमच झाला, घाट असला की हिला गोळी. ती बारकी पांढरी गोळी उलटी थांबवते हे खरं, पण सोबत माणसालाही थांबवते. जीभ जड होते, मान काचेला टेकते, आणि घाट संपेपर्यंत आपण ह्या जगात असून नसल्यासारखे.

लग्न झालं ते अमरावतीकडच्या माणसाशी. नोकरीसाठी पुण्यात आलेला, सरळमार्गी, कमी बोलणारा, आणि एकाच बाबतीत पुरता वेडा. गाडी काढायची आणि डोंगर गाठायचा. शनिवारी सकाळी तोंडात ब्रश धरून हे बाथरूमच्या दारातून विचारायचे, "जायचं का?" कुठे, कशाला, मुक्काम कुठे, काही नाही. मी म्हणायचे, "मला विचारताय की गाडीला?" आणि दशम्या करायला घ्यायचे. दाराला कुलूप लावताना गोळी जिभेवर. पुढे लेक झाली, ती मागच्या सीटवर वाढली, शिकली, नोकरीला बंगळूरला गेली, तरी आमचं हे चालूच राहिलं.

त्यामुळे डोंगरांच्या माझ्या आठवणी चारचौघांसारख्या नाहीत. माळशेज म्हणजे माझ्यासाठी एक ओला, थंड वास आणि काचेवरून वर चढणारं पाणी. हो, वर चढणारं. गोळी घेतल्यावर पाणी कुठेही जातं. आंबोली म्हणजे लाल माती आणि कुणीतरी खिडकीशी धरलेलं भाजलेलं कणीस, जे मी खाल्लं की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. हिमाचल म्हणजे गाडीच्या दोन्ही बाजूंनी वाहत चाललेल्या मेंढ्या, आणि त्यांच्या गळ्यातल्या घंटा माझ्या झोपेत शाळेची मधली सुट्टी होऊन वाजतायत. कान्ह्याच्या जंगलात मी एकदा डोळे किलकिले केले, तर उंच उंच सालाची झाडं कसलीच घाई नसल्यासारखी एकेक करून मागे निघाली होती. महाबळेश्वरला पाहिलं म्हणून मी जे हरीण सांगते ते बहुतेक त्या कान्ह्यातलंच असावं.

सगळे घाट जोडून माझ्या डोक्यात एकच लांबलचक रस्ता झालाय. तो खंडाळ्याला सुरू होतो आणि बर्फात संपतो, आणि त्याच्यावर कायम पहाट असते. खरं सांगते, मला तो रस्ता फार आवडतो. दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसले की मी डोळे मिटून त्याच रस्त्याला लागते.

घाट उतरला की हे एखाद्या टपरीशी गाडी थांबवायचे. चहाचा ग्लास हातात आला की मी हळूहळू माणसात यायचे आणि विचारायचे, "काय काय होतं हो?" मग हा कमी बोलणारा माणूस बोलायला लागायचा. वरंधा घाटात एका वळणावर तीन धारांचा धबधबा होता, त्याच्या मधल्या धारेमागे चक्क एक गुहा होती. ताम्हिणीत दरीतून ढग असा वर आला की पुढची गाडी पुसली गेली. ताडोब्याच्या वाटेवर सबंध मोरांचा थवा रस्ता ओलांडत होता, शेवटचा मोर मध्येच थांबून आमच्याकडे बघत राहिला. मी ऐकत राहायचे. सोसायटीतल्या बायकांना हे सगळं मी पुढे कितीदा सांगितलंय, हातवारे करून, गुहेसकट.

दोन-तीन वर्षांमागे आमच्या गाडीला ओरखडे पडायला लागले. आधी डाव्या दारावर, मग सोसायटीच्या फाटकाला घासून उजवीकडे. एकदा सिग्नलला एक स्कूटरवाला खिडकीशी येऊन म्हणाला, "काका, आरसे शोभेला बसवलेत का?" मीही घरी येऊन त्यांना टाकून बोलले, की लक्ष कुठे असतं तुमचं. लक्ष होतं. नजर नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी एका पेटीत डोकं घालायला लावलं आणि ठिपका चमकला की बटण दाबायला सांगितलं. बाहेर बाकावर बसून मला ते बटण ऐकू येत होतं. बराच वेळ ऐकूच येईना तेव्हा मी बाकावरून उठून उभी राहिले.

काचबिंदू. समोरचं स्वच्छ दिसतं, कडा गेल्यात, आणि गेलेलं परत येत नाही. डॉक्टर म्हणाले, थेंब नियमित घाला, आहे ते जपू, पण किती काळ जपलं जाईल त्याचा शब्द देता येत नाही. आणि गाडी आजपासून बंद. ह्यांनी मान डोलावली. फक्त एवढंच विचारलं, "शेजारी बसलेलं चालेल ना?" डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

त्यानंतर शनिवार यायचे आणि जायचे. हे रोज सकाळी खाली जाऊन गाडी पुसत, कव्हर घालत, आणि वर येऊन पेपर डोळ्यांसमोर धरत. दात घासताना नुसते दात घासत. कुणाला वाटेल, सुटली एकदाची गोळीच्या कटकटीतून. माझा मात्र जीव कासावीस व्हायचा. हा माणूस रडला असता, चिडला असता, तर मी काहीतरी उलटून बोलले असते. लेक फोनवर म्हणाली, "आई, ड्रायव्हर ठेवा ना." मी ते ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "ड्रायव्हर कशाला, वरात काढायची आहे का?" तेवढाच काय तो त्या महिन्यातला विनोद.

मी गाडी शिकायची ठरवलं ते रागाच्या भरात. लेकीनं "ह्या वयात?" म्हटलं, आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "ह्या वयात तुझे बाबा आंधळे होऊ शकतात, मग मी ड्रायव्हर का नाही होऊ शकत?" तो शब्द आमच्या घरात तोवर कुणी उच्चारला नव्हता. हे आतल्या खोलीत होते. फोन ठेवून मी आत गेले तर खिडकीशी उभे होते, पाठमोरे. म्हणाले, "क्लच जड आहे आपल्या गाडीचा. हलका करून घेतो."

बिबवेवाडीच्या चढांवर गाडी शिकणं म्हणजे काय, ते शिकलेल्यालाच कळेल. थांबलं की गाडी मागे जायची, मागचा हॉर्न वाजवायचा, आणि क्लासचे मास्तर खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणायचे, "काकू, क्लच म्हणजे पाय ठेवायचा पाट नव्हे." मला ते पटायचं आणि त्यांच्या डोक्यात काहीतरी घालावंसंही वाटायचं. क्लास संपल्यावर रविवारी सकाळी हे मला सोलापूर रस्त्याला घेऊन जायचे, लोणी काळभोरपर्यंत आणि परत. शेजारी बसून त्यांचा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबत असायचा. लोणीला चहाच्या टपरीशी मी गाडी उभी केली की टपरीवाली बाई तिथूनच सांगायची, "काकी, अर्धी रस्त्यात हाय, घ्या जरा आत." हे उतरून मला हातानं दिशा दाखवायचे, आणि त्यांच्या कडेनं एखादी मोटारसायकल गेली की दचकायचे. मला ते दचकणं बघवायचं नाही.

पहिला घाट आला तो वरंध्याचा. पावसाळा उलटला होता, सगळीकडे सोनकी फुलली होती. गोळी घ्यायचा प्रश्नच नव्हता, चालवणाऱ्यानं झोपून कसं चालेल. मी उलटीची पिशवी मांडीशी ठेवून, देवाचं नाव घेऊन पहिलं वळण घेतलं. मग दुसरं. पोटात काही नाही. चौथ्या-पाचव्या वळणानंतर माझ्या लक्षात आलं, की मळमळत नाहीये. चालवणाऱ्याला गाडी लागत नाही. हे अख्ख्या जगाला ठाऊक होतं म्हणे. आमच्याकडे मात्र एका पिढीनं दुसरीला गोळी दिली आणि कुणालाही सुचलं नाही की हिच्या हातात स्टिअरिंग देऊन बघावं. मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण हात मोकळा नव्हता.

मी जागी होते, घाटात. जन्मात पहिल्यांदा. ऊन तिरकं येत होतं, गवताला वास होता, आणि ते सगळं खरं होतं, माझ्या नेहमीच्या रस्त्यापेक्षा कितीतरी टणक. मला आता तो धबधबा बघायचा होता. वळणं संपत आली तरी दिसेना. मी विचारलं, "अहो, तुमची ती गुहा कुठे गेली?"

"कुठली गुहा?"

"तीन धारांच्या मागची."

हे चष्मा काढून पुसायला लागले. म्हणाले, "अगं, मी कुठे काय बघत होतो. घाटात चालवणारा माणूस रस्ता बघतो. पुढच्या ट्रकचं मागलं फळकुट बघतो. तू उठलीस की इतक्या आशेनं विचारायचीस, तुला काय फळकुट सांगू?"

मी गाडी कडेला घेतली. आधी तिडीक गेली डोक्यात. इतकी वर्षं मी बायकांना काय काय ऐकवलं, त्या ढगात पुसलेल्या गाडीबद्दल, त्या मागे वळून बघणाऱ्या मोराबद्दल. "मोरसुद्धा?" मी विचारलं. "मोर होता," हे म्हणाले. "एक होता. बहुतेक." मला हसू फुटलं, इतकं की स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसले, आणि हसता हसता ते थांबलंच एकदम. म्हणजे मी झोपेत होते, हे रस्त्यात होते, आणि इतके डोंगर आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेले, ते आमच्यापैकी कुणीही पाहिलेच नाहीत. माझं एक सोडा. माझे डोळे शाबूत आहेत. ह्यांचं काय?

शेजारी खिडकीपलीकडे दरी उघडी पडली होती. खाली कोकणाकडे धुरकट निळं, त्यात एक नदी, मध्येच चमकणारी. हे अख्खी मान वळवून बघत होते, इतकी की खांदाही वळला होता. कडा गेलेल्या माणसाला थोडं थोडंच बघता येतं. डोकं आधी इकडे, मग तिकडे. मी गाडी बंदच ठेवली. कितीतरी वेळानं ते म्हणाले, "हे असं आहे होय." तेवढं एकच वाक्य. मी त्याच दिवशी मनाशी धरलं, की ह्यांच्या डोळ्यांत आहे तितकं पुरेल तोवर ह्या माणसाला सगळे डोंगर दाखवायचे.

कुठे जायचं हे मी विचारलं तेव्हा ते लगेच म्हणाले, मेळघाट. ह्यांचं बालपण परतवाड्याजवळ गेलं. शाळेच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसायची आणि मोठी मुलं सांगायची, तिथे वर गवे असतात. बैलापेक्षा मोठे, आणि पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. ह्यांना ते खरं वाटायचं नाही. जनावराला कोण मोजे घालणार. पुढे आम्ही मेळघाटात एकदा गेलोही होतो. मी झोपून गेले आणि हे रस्ता बघून आले. गवा तेवढा राहिला.

डिसेंबरात निघालो. वाटेत एक मुक्काम केला, कारण मी उगाच शूर नाही. अकोला ओलांडलं की ह्यांची जीभ बदलते. पुण्यात "का थांबलीस" म्हणणारा माणूस तिथे "काऊन थांबली" म्हणतो, आणि मला उगीच दुसऱ्याच कुणाबरोबर पळून आल्यासारखं वाटतं. परतवाड्याच्या पुढे ती रेघ दिसायला लागली. मी तिच्याकडे गाडी नेत होते आणि ती रंग बदलत होती, निळी, मग राखाडी, मग हिरवी, आणि मग एकदम ती रेघ नव्हतीच, आम्ही तिच्या आत होतो. दोन्ही बाजूंना साग. मोठमोठी वाळकी पानं वारा नसताना गळत होती आणि टपटप आवाज करत टपावर पडत होती. हे काच खाली करून बसले होते. थंडी वाजते का विचारलं, तर नाही म्हणून हात हलवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेमाडोहहून उघडी जीप घेतली. आत जंगलात स्वतःची गाडी नेऊ देत नाहीत, तेव्हा त्या दिवशी आम्ही दोघंही मोकळे होतो. मी गोळी घेतली नाही. आलेपाकाची वडी तोंडात ठेवली आणि म्हटलं, व्हायचं ते होऊ दे. जीपमध्ये आमच्याशिवाय नागपूरचं एक तरुण जोडपं आणि पुढे गाईड. धुकं इतकं होतं की झाडांना बुंधेच नव्हते, नुसते शेंडे. सिपना नदी कुठेतरी खाली वाहत होती, दिसत नव्हती. मला मळमळत होतं, पण मी जागी होते, आणि सगळं माझ्या त्या जुन्या रस्त्यासारखंच मऊ मऊ दिसत होतं. मला क्षणभर कळेना, गोळी घेतली की नाही घेतली.

जीप थांबली. गाईडनं बोट केलं, डावीकडे. तरुण पोरीनं नवऱ्याचा हात घट्ट धरला. तिला दिसलं होतं. नवऱ्यालाही दिसलं. हे माझ्या उजव्या हाताला बसले होते आणि मान वळवून शोधत होते, झाडात, धुक्यात, परत झाडात. गाईड कुजबुजला, "दिसला का काका? तो काय, बांबूच्या बाजूला. अगदी उभा आहे."

"हो हो," हे म्हणाले. "दिसला. वा, मस्त."

त्यांना दिसला नव्हता. लोकांचा खोळंबा नको, जीप अडायला नको, मला वाईट वाटायला नको, म्हणून हा माणूस "हो हो" म्हणत होता. एवढ्या लांब, ह्या वयात, त्या एका जनावरासाठी येऊन. आणि पुढच्या वर्षी डोळ्यांत किती उरलेलं असेल कुणाला माहीत. गाईडनं चालवणाऱ्याच्या खांद्याला हात लावला, निघायचं म्हणून.

"थांबा," मी म्हणाले.

आम्ही चारचौघांत एकमेकांचा हात न धरलेली माणसं. लग्नाच्या फोटोतसुद्धा आमच्यामध्ये एक पाट मावेल. पण मी वळले आणि दोन्ही हातांत त्यांचा चेहरा धरला, गालांवर, हनुवटीखाली, दाढीच्या खुंटांसकट. मागची पोरं बघत होती, बघू देत. मी तो चेहरा हळूहळू वळवला. थोडा डावीकडे. थोडा खाली. परत किंचित वर. "आता?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही. आता "हो हो" म्हणाले नाहीत. मी केसभर आणखी वळवला.

माझ्या हातांत त्यांचा जबडा एकदम ढिला पडला.

गवा कसा होता, मला विचारू नका. तो माझ्या पाठीमागे होता. मी त्यांच्या डोळ्यांत बघत होते, चष्म्याच्या काचेआड, एवढ्या जवळून. ती बुबुळं आधी एका जागी खिळून राहिली. मग ती हलायला लागली, सावकाश, एका बाजूनं दुसरीकडे, आणि मला कळलं की तो चालतोय. मी माझे हातही तसेच नेले, त्याच्या चालीनं, म्हणजे तो निसटू नये. पाठीमागे बांबू मोडल्याचा आवाज आला. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी पापणी हलवली नव्हती. पुसायला कुणाचाच हात मोकळा नव्हता, त्यांचे दोन्ही माझ्या मनगटांवर होते.

"सोडू नको," ते म्हणाले. "अजून दिसते मले."